लंडनने कौन्सिल बंद केली, मग काय बिघडलं?

आपल्याकडच्या महापालिकांवर वर्षानुवर्षं प्रशासक बसले तेव्हापासून एक वाद सारखा कानावर येतोय आणि दर वेळी तो तितक्याच चुकीच्या पद्धतीने घातला जातो. एक बाजू म्हणते नगरसेवक म्हणजे टक्केवारी, त्यापेक्षा आयुक्त परवडला, कामं तरी होतात. दुसरी म्हणते लोकशाहीचा खून झाला. आणि मग कोणीतरी लंडन काढतं. ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचरबाईंनी १९८६ साली लंडनची अख्खी कौन्सिल बंद केली, तिथल्या बस थांबल्या का, दिवे गेले का, उलट त्यानंतरच लंडनमध्ये पैशाचा पूर आला, मग निवडून दिलेल्या लोकांचं एवढं कौतुक कशाला? यावर समोरून उत्तर येतं की थॅचर हुकूमशाही वृत्तीच्या होत्या. झालं, इथून पुढे सगळं भांडण थॅचर चांगल्या की वाईट यावर. त्या कौन्सिलचं नेमकं काय झालं, तिची कामं कुठे गेली, हे बघायला कोणालाच वेळ नसतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ग्रेटर लंडन कौन्सिल, म्हणजे जीएलसी, ही बऱ्याच दोषांची संस्था होती आणि तिच्यात मोठी दुरुस्ती गरजेची होती. पण ती बंद करणं चूक होतं, आणि त्याचं कारण थॅचर किंवा त्यांचे विरोधक यांच्या स्वभावात शोधायची गरज नाही. संस्था कायद्याने बंद करता येते, तिचं काम तसं बंद करता येत नाही. थेम्सला भरती येतच राहते, कचरा रोज निघतो, आग लागली की बंब लागतो. हे काम कोणाच्या तरी टेबलावर जाणारच, फक्त ते टेबल मतदाराला सापडणार नाही अशा खोलीत हलवलं जातं.

हे समजायला थोडं मागे जावं लागेल, कारण लंडनने हा प्रयोग एकदा आधीच करून बघितला होता. १८५५ साली तिथे मेट्रोपॉलिटन बोर्ड ऑफ वर्क्स नावाचं मंडळ झालं. कॉलऱ्याच्या साथी येत होत्या, थेम्स म्हणजे उघडं गटार झालेलं, १८५८ च्या उन्हाळ्यात तर वास इतका वाढला की नदीकाठच्या पार्लमेंटमध्ये बसणं मुश्किल झालं. त्या बोर्डाचे इंजिनिअर जोसेफ बॅझलजेट यांनी जमिनीखालून जी गटारव्यवस्था बांधली ती आजही वापरात आहे, म्हणजे बोर्डाने काम केलं नाही असं कोणी म्हणू शकत नाही. पण बोर्डाचे सभासद लोकांनी थेट निवडलेले नव्हते. छोट्या छोट्या स्थानिक मंडळांनी पाठवलेले प्रतिनिधी तिथे बसायचे. तीसेक वर्षांत तिथल्या अधिकाऱ्यांनी जमिनीच्या व्यवहारात पैसे खाल्ल्याची प्रकरणं बाहेर आली, चौकशी बसली आणि बोर्ड गेलं. त्याच्या जागी १८८९ पासून लोकांनी थेट निवडलेली लंडन काउंटी कौन्सिल आली, तिचा कायदा १८८८ चा. आपला मुंबई महापालिकेचा कायदासुद्धा १८८८ चाच, आणि त्याच कायद्यावर अजून मुंबईचा कारभार चालतो. आता हे लक्षात घ्या, कारण पुढे लागणार आहे: 'निवडणूक कशाला, जाणकार लोकांचं मंडळ नेमा की' ही कल्पना आधुनिक वगैरे काही नाहीये, लंडनने ती चौतीस वर्षं वापरून, भ्रष्ट झाली म्हणून टाकून दिली होती.

थेट निवडलेली कौन्सिल आणली ती लॉर्ड सॉल्झबरी यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारने, म्हणजे पुढे थॅचर ज्या पक्षाच्या होत्या त्याच उजव्या पक्षाने. पहिल्याच निवडणुकीत त्यांच्या विरोधातले प्रोग्रेसिव्ह जिंकले आणि सरकारला आपलंच अपत्य जड व्हायला लागलं. मग १८९९ साली कौन्सिलच्या पोटात २८ बरो, म्हणजे छोट्या नगरपालिका, तयार केल्या, त्यामागे मोठ्या कौन्सिलला शह द्यायचा हेतू होताच. पुढे १९३४ पासून ही कौन्सिल सलग त्यांच्या विरोधातल्या डाव्या लेबर पार्टीकडे राहिली. १९६३ साली परत कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारनेच कायदा केला, जुनी कौन्सिल मोडली, आजूबाजूची उपनगरं जोडून मोठं लंडन केलं, ३२ बरो ठेवल्या आणि १ एप्रिल १९६५ ला जीएलसीचा कारभार सुरू झाला. उपनगरं आली की लेबरची मक्तेदारी संपेल हा त्यातला राजकीय हिशोब कोणी फारसा लपवला नव्हता. पण नुसता तोच हिशोब होता असं म्हणणंही अन्याय होईल. आधी आयोग नेमला होता, त्याने तीन वर्षं अभ्यास केला होता, आणि लंडन खरोखरच जुन्या हद्दीबाहेर वाढलं होतं. गंमत बघा, हिशोब जमलाही आणि नाहीही. जीएलसीच्या एकूण सहा निवडणुका झाल्या, त्यात चार वेळा सत्तापालट झाला. लोक नाराज झाले की सरळ बदलून टाकायचे. म्हणजे जी गोष्ट निवडणुकीतून व्हायला पाहिजे ती तिथे होत होती.

या एकवीस वर्षांत जीएलसीने काय केलं? वाईटही केलं. शहराच्या पोटातून चक्राकार मोटरवे काढायची योजना आणली, ती झाली असती तर हजारो घरं पडली असती. कोव्हेंट गार्डनचा जुना बाजार हलणार म्हणून तो सगळा भाग पाडून नवा बांधायचा घाट घातला, तिथल्या रहिवाशांनी लढून तो हाणून पाडला. मोटरवेची योजना कशी थांबली? १९७३ ची निवडणूक झाली, योजनेला विरोध करणारा पक्ष जिंकला आणि योजना बासनात गेली. चूक करणारी संस्था आणि चूक थांबवणारी संस्था एकच होती, मधे फक्त मतपेटी होती. चांगलं सांगायचं तर थेम्सवरचा पूररोधक बांध. १९५३ च्या समुद्री पुरात इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर तीनशेच्या वर माणसं गेली, तेव्हापासून लंडन बुडायची भीती होती. वूलिचजवळचा तो प्रचंड बांध जीएलसीने बांधला, १९८४ च्या मे महिन्यात राणीने त्याचं उद्घाटन केलं. म्हणजे उद्घाटन झालं तेव्हा बांधणाऱ्या संस्थेला बंद करायची घोषणा होऊन गेली होती.

आता तो गाजलेला भाग. मे १९८१ मध्ये लेबर जिंकली आणि दुसऱ्याच दिवशी पक्षातल्या मतदानात आधीचा नेता बाजूला होऊन केन लिव्हिंग्स्टन पुढारी झाले. ऑक्टोबरमध्ये बस आणि ट्यूबचं, म्हणजे भुयारी रेल्वेचं, भाडं ३२ टक्क्यांनी कमी केलं, त्याचे पैसे घरपट्टीतून. भाडं कमी करायचं वचन जाहीरनाम्यात होतंच. पण ब्रॉमली नावाच्या बरोने कोर्टात धाव घेतली, त्यांच्या हद्दीत ट्यूबचं एकही स्टेशन नाही आणि वाढीव घरपट्टी मात्र त्यांनाही. डिसेंबरमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या न्यायाधीशांनी, तेव्हा तेच देशाचं सर्वोच्च न्यायालय, ही कपात बेकायदा ठरवली, मार्च १९८२ मध्ये भाडं जवळजवळ दुप्पट झालं. लिव्हिंग्स्टन गप्प बसणारे नव्हते. काउंटी हॉल, म्हणजे कौन्सिलची इमारत, थेम्सच्या या काठावर आणि पार्लमेंट बरोबर समोरच्या काठावर, तर इमारतीच्या छतावर लंडनमधल्या बेकारांचा आकडा लिहिलेला मोठा फलक लावला, पार्लमेंटमधून दिसेल असा. आयरिश प्रश्नावर त्यांनी सिन फेनच्या, म्हणजे उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून वेगळं करू पाहणाऱ्या पक्षाच्या, नेत्यांशी बोलणी केली, बॉम्बस्फोटांच्या त्या काळात बऱ्याच सामान्य लोकांनाही ते सहन झालं नाही. १९८३ च्या जाहीरनाम्यात कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने जीएलसी आणि तिच्याबरोबर मँचेस्टर, लिव्हरपूल, बर्मिंगहॅम वगैरे शहरांभोवतीच्या सहा महानगरी काउंटी कौन्सिल बंद करायचं वचन दिलं, १९८५ चा कायदा झाला आणि ३१ मार्च १९८६ च्या मध्यरात्री सातही संस्था संपल्या.

बंद करणाऱ्यांच्या बाजूने जे मुद्दे आहेत ते कमजोर नाहीत, आणि आमच्या बाजूचे लोक ते ऐकूनच घेत नाहीत याचा मला राग येतो. पहिला मुद्दा, जीएलसीकडे खरं काम कमी होतं. घरं, कचरा गोळा करणं, गल्लीतले रस्ते, वाचनालयं, समाजसेवा हे सगळं बरोकडे, पोलीस गृहमंत्र्याकडे, मग वरच्या मजल्यावर उरलं नियोजन आणि भांडणं. हे बऱ्यापैकी खरं आहे. पण मग यातून निष्कर्ष काय निघतो? काम कमी आणि अधिकार अर्धवट असतील तर अधिकार नीट वाटून द्या. आपल्याकडे हे झालेलं आहे. जुन्या पिढीतली माणसं अजून 'लोकल बोर्डाची शाळा' म्हणतात. ती जिल्हा लोकल बोर्डं महाराष्ट्राने बंद केली, कुणी अश्रू ढाळले नाहीत, आणि ढाळायचं कारणही नव्हतं, कारण वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १ मे १९६२ पासून त्यांच्या जागी जिल्हा परिषद आली, शेती, आरोग्य, शिक्षण, बांधकाम असे कितीतरी जास्त विषय घेऊन, आणि तीसुद्धा निवडून दिलेलीच. एखादी निवडलेली संस्था बंद करायला माझा मुळातून विरोध नाहीये. तिच्या जागी लोकांच्या हातात आधीपेक्षा जास्त येतंय की कमी, एवढंच मी बघतो.

दुसरा मुद्दा पैशाचा. घरपट्टीतला मोठा वाटा कंपन्या आणि दुकानं भरायची, त्यांना मत नव्हतं, आणि मत देणाऱ्या बऱ्याच लोकांवर तिचा पूर्ण भार पडत नव्हता. दुसऱ्याच्या खिशातून स्वस्त तिकिटं वाटायची हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही, कुठल्याही महापालिकेत तो विचारायलाच पाहिजे. पण थॅचर सरकारने १९८४ साली वेगळा कायदा करून घरपट्टीवर मर्यादा घालायचा अधिकार आधीच घेतला होता, आणि १९८५ मध्ये तो जीएलसीवर वापरलाही, कौन्सिलने बरीच आदळआपट करून शेवटी त्या मर्यादेतच घरपट्टी ठरवली. म्हणजे उधळपट्टीवरचं औषध हातात होतं आणि लागूही पडलं होतं. मग रोग्याला मारायचं कारण काय उरतं?

तिसरा मुद्दा सगळ्यात वजनदार. १९८३ च्या जाहीरनाम्यात हे लिहिलं होतं, लोकांनी वाचलं, प्रचंड बहुमत दिलं, मग ही लोकशाहीच नाही का? देशाच्या पार्लमेंटला हा कायदेशीर अधिकार होता, यात वाद नाही. पण दूर टोकाच्या कॉर्नवॉलच्या मतदाराने लंडनच्या कौन्सिलचा निकाल लावायचा, हे आपल्याला पटेल का? चंद्रपूर आणि सिंधुदुर्गच्या मतांवर पुण्याची महापालिका मोडली तर पुणेकर काय म्हणतील? आणि ज्या सरकारला लोक आपल्या बाजूने आहेत अशी खात्री होती ते कसं वागलं बघा. मे १९८५ ला जीएलसीची निवडणूक ठरलेली होती, ती होऊच नये म्हणून वेगळं बिल आणलं, आणि शेवटच्या वर्षासाठी बरोंनी पाठवलेले लोक कौन्सिलवर बसवायची योजना केली, म्हणजे मत न घेता सत्ता एका पक्षाकडून दुसऱ्याकडे. त्यांच्याच पक्षाचे माजी पंतप्रधान एडवर्ड हीथ विरोधात बोलले. हाउस ऑफ लॉर्ड्स, म्हणजे पार्लमेंटचं वरचं सभागृह, जिथे बसणारे कोणीच निवडून आलेले नव्हते, त्यांनी हे अडवलं, तेव्हा सरकारला आहे त्याच सभासदांची मुदत वाढवावी लागली. लिव्हिंग्स्टन आणि तीन सहकाऱ्यांनी राजीनामे देऊन सप्टेंबर १९८४ मध्ये पोटनिवडणुका लावल्या, कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने उमेदवारच दिले नाहीत. जनादेश आपल्यामागे आहे असं ज्याला वाटतं तो लोकांना विचारायला एवढा का घाबरतो?

चौथा मुद्दा म्हणजे ज्यावरून मी हे लिहायला बसलो तो, लंडन बुडालं का? नाही बुडालं. बुडणार नव्हतंच, कारण कामं चालू राहिली. पण कुठे चालू राहिली बघा. ट्यूब आणि बस तर १९८४ मध्येच कौन्सिलकडून काढून मंत्र्याच्या हाताखालच्या मंडळाकडे दिल्या होत्या. अग्निशमनासाठी बरोंनी पाठवलेल्या प्रतिनिधींचं वेगळं मंडळ. कचरा टाकायला आणखी वेगवेगळी मंडळं. तो पूररोधक बांध आधी जल प्राधिकरणाकडे, मग नद्यांच्या राष्ट्रीय प्राधिकरणाकडे, मग पर्यावरण एजन्सीकडे. हॅम्पस्टेड हीथचं मोठं मोकळं रान सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशनकडे, म्हणजे मधल्या जुन्या व्यापारी भागाच्या पालिकेकडे. संस्थांना अनुदान द्यायचं काम रिचमंड बरोकडे. उरलेली मालमत्ता आणि कर्जं निस्तरायला एक शेष मंडळ, त्याने काउंटी हॉलसुद्धा विकला. मी वेस्टमिन्स्टर पुलावर उभा राहून ती इमारत बघितली आहे, आत मत्स्यालय आहे आणि हॉटेल आहे, आणि बाहेर मुलांना घेऊन आलेल्या आईबापांची रांग. त्यांच्यातल्या किती जणांना माहीत असेल की याच दारातून एकेकाळी सत्तरेक लाख लोकांच्या शहराचा कारभार चालायचा.

ही यादी परत वाचा आणि १८५५ चं ते बोर्ड आठवा. बरोंनी पाठवलेले प्रतिनिधी, मंत्र्यांनी नेमलेले लोक, सगळ्या लंडनची थेट निवडणूक कुठेच नाही. लंडन १८८९ च्या मागे गेलं. एखाद्या बाईला ट्यूबचं भाडं जास्त वाटत असेल तर ती कोणाला पाडणार? तिच्या बरोच्या नगरसेवकाला? त्याचा संबंध नाही. खासदाराला? तो साडेसहाशेतला एक. मंडळाच्या पगारी अध्यक्षाला? त्याला ती मत देत नाही.

लंडनच्या जुन्या गोदीत उभे राहिलेले कॅनरी वॉर्फचे टॉवर दाखवून लोक म्हणतात हे जीएलसी गेली म्हणून झालं. गोदीच्या भागासाठी सरकारचं विकास महामंडळ १९८१ सालीच आलं होतं आणि नियोजनाचे अधिकार तेव्हाच घेऊन गेलं होतं, जीएलसी असतानाच, त्यासाठी तिला मारायची गरज पडली नव्हती. आणि तिथे नियोजन किती झालं? पहिली हलकी रेल्वे इतकी छोटी बांधली की प्लॅटफॉर्म नंतर वाढवावे लागले. टॉवर उभारणारी ऑलिंपिया अँड यॉर्क कंपनी १९९२ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि ट्यूबची जुबिली लाइन तिथवर पोचायला १९९९ उजाडलं. ऑफिसं आधी आणि ती भरणाऱ्या माणसांना न्यायची गाडी सात-आठ वर्षांनी, असं का होतं? कारण सगळं शहर एका नकाशात बघणारी, आणि चुकलं तर निवडणुकीत मार खाणारी संस्थाच नव्हती.

हे फक्त डाव्यांना वाटत होतं असंही नाही. नव्वदच्या दशकात उद्योगवाल्यांनीच लंडनसाठी बोलणारं कोणीतरी हवं म्हणून लंडन फर्स्ट ही संघटना काढली. जॉन मेजर यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारला लंडनसाठी मंत्री नेमावा लागला, १९९४ मध्ये लंडनचं वेगळं सरकारी कार्यालय उघडावं लागलं. मे १९९८ मध्ये लोकांना विचारलं, ७२ टक्के लोकांनी निवडलेला महापौर आणि सभा हवी म्हणून सांगितलं. मतदान जेमतेम ३४ टक्के झालं, हे मी लपवणार नाही, पण बंद करताना तर शून्य टक्के लोकांना विचारलं होतं. २००० साली महापौर झाले पुन्हा लिव्हिंग्स्टन, तेही आपल्या पक्षाच्या विरोधात अपक्ष उभे राहून, आणि २००८ मध्ये त्याच खुर्चीवर कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे बोरिस जॉन्सन निवडून आले. ज्या माणसामुळे संस्था मोडली तोच परत आला, आणि ज्या पक्षाने मोडली तोही तिथे आठ वर्षं बसला. मोडून मिळालं काय? मधली चौदा वर्षं. मँचेस्टरला तर पंचवीस लागली, २०११ मध्ये एकत्रित प्राधिकरण आणि महापौर २०१७ ला, आणि १९८६ मध्ये मोकाट सोडलेल्या बस परत सार्वजनिक ताब्यात घेऊन संपवायला २०२५ चा जानेवारी आला. दिल्लीनेही असाच फेरा मारला, २०१२ मध्ये महापालिकेचे तीन तुकडे, पगार थकले, २०२२ मध्ये परत एक.

मुंबईचं सांगायचं तर तिथे कोणी महापालिका मोडली नाही, नुसती मुदत संपू दिली. मार्च २०२२ मध्ये सभागृह संपलं आणि पुढची तीन वर्षांहून जास्त प्रशासकच होता. संविधानात, ७४ व्या दुरुस्तीने आलेल्या कलमात, मुदत संपायच्या आत निवडणूक व्हायला पाहिजे असं स्पष्ट लिहिलंय, तरी हे झालं, आणि मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाला निवडणुका घ्या म्हणून आदेश द्यावा लागला. मी राहतो त्या शहरातही तेच चाललं होतं. त्या काळात आमच्या सोसायटीत तीन आठवडे गढूळ पाणी आलं. आधीचा नगरसेवक काही फार कामाचा नव्हता, पण त्याच्या घरी जाऊन बसता यायचं, कारण पुढच्या निवडणुकीला त्याला आमच्या दारात यायचं होतं. आता अर्ज दिला, शिक्का मारून मिळाला, माझ्या शेजारच्या आजी दोनदा जिने चढून गेल्या, साहेब मीटिंगला होते. ते साहेब वाईट होते असं मी म्हणत नाही. आजींना भेटण्यावाचून त्यांचं काही अडत नव्हतं, एवढंच.

आणि मुंबई महानगर प्रदेशाकडे बघितलं की मला वाटतं आपण जीएलसी कधी उभीच केली नाही, आपण थेट १८५५ च्या बोर्डावर थांबलोय. १९७५ साली एमएमआरडीए, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, झालं, राज्य सरकारच्या नेतृत्वाखाली. आज या प्रदेशात नऊ महापालिका आहेत, आणि मेट्रोचे मार्ग, समुद्रावरचे पूल, कुठे किती मजले चढणार, असे दोन-दोन पिढ्यांना पुरणारे निर्णय त्यांच्या वर घेतले जातात. समजा एखादा माणूस डोंबिवलीत राहतो, ठाण्यावरून मेट्रो कधी होणार याची वाट बघतो आणि बीकेसीत, प्राधिकरणानेच वसवलेल्या जमिनीवर, नोकरी करतो. कल्याण-डोंबिवलीच्या नगरसेवकाला तो गटारासाठी पाडू शकतो. रोजचे तीन तास प्रवासात जातात, त्याचा हिशोब मागायला त्याने कोणत्या मतपेटीपाशी जायचं?